थेंब संपतात आणि कान पुन्हा फुटतो : कुत्र्यामांजरांच्या कानाच्या वारंवार होणाऱ्या त्रासाबद्दल

कुत्रा मान झटकू लागतो, मागच्या पायाने कान खाजवतो, कानाजवळ हात नेला की डोके बाजूला घेतो आणि एक-दोन दिवसांत कानातून आंबूस वास येऊ लागतो. दवाखान्यात नेल्यावर डॉक्टर कानात पाहतात, थेंबांची बाटली लिहून देतात, आठवडाभरात वास जातो, खाज थांबते आणि घरातले सगळे ती गोष्ट विसरून जातात. महिना-दीड महिन्याने पुन्हा तोच वास येतो. मग दुसरी बाटली, तिसरी बाटली. कधी औषध बदलते, कधी दवाखाना बदलतो. पशुवैद्य म्हणून मला वर्षभर सतत ऐकावी लागणारी तक्रार हीच आहे आणि ती सांगताना जवळजवळ प्रत्येक जण 'इन्फेक्शन परत आले' असेच म्हणतो. माझा अनुभव असा आहे की बहुतेक वेळा ते पूर्णपणे गेलेलेच नसते आणि जेव्हा खरोखर गेलेले असते तेव्हाही ज्या कारणामुळे ते झाले होते ते कारण जागच्या जागी राहिलेले असते.

एका लॅब्रॅडॉरचा केसपेपर मला अजून आठवतो. १४ महिन्यांत सहा नोंदी, प्रत्येक नोंदीत 'कानाचा संसर्ग', कधी उजवा कान, कधी डावा, दोनदा दोन्ही, आणि प्रत्येक नोंदीखाली थेंबांचे नाव. त्या सहापैकी तीन नोंदी माझ्या स्वतःच्या हस्ताक्षरातल्या होत्या. प्रत्येक वेळी कुत्रा बरा होऊन गेलेला असल्यामुळे कागदावर सहाही उपचार यशस्वी दिसत होते. त्या नोंदी एका बैठकीत सलग वाचल्या तेव्हा मात्र दोन गोष्टी डोळ्यांत भरल्या. एकदाही कानातला मळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेला नव्हता. आणि पुढच्या पंजांच्या बोटांमधले केस चाटून चाटून तांबूस झाले आहेत, हे एका नोंदीत कोपऱ्यात लिहून तसेच सोडून दिलेले होते.

अशा कानाचा छडा लावताना कोणत्या क्रमाने विचार करावा, हे पुढे सविस्तर लिहिले आहे. निदान आणि औषधाची निवड प्राण्याला तपासणाऱ्या डॉक्टरांनीच करायची आहे. परंतु त्यांना कोणते प्रश्न विचारायचे आणि घरी काय तपासायचे, हे पालकाला माहीत असेल तर बरेच महिने वाचतात.

कानाची नळी कशी असते

माणसाच्या कानाची नळी जवळजवळ सरळ आत जाते. कुत्र्यामांजरांची नळी आधी खाली उतरते आणि मग काटकोनात वळून पडद्यापर्यंत आडवी जाते. कुत्र्याच्या आकारमानानुसार या नळीची लांबी साधारण ५ ते १० सेंटिमीटर भरते. म्हणजे बाहेरून जो भाग आपल्याला दिसतो तो केवळ दरवाजा असतो आणि आजार बहुधा वळणाच्या पलीकडे बसलेला असतो. कानाची पाळी पुसून स्वच्छ केली आणि वरून दोन थेंब सोडले, तर ते औषध वळणाच्या अलीकडेच केसांना आणि मळाला चिकटून राहते.

निरोगी कान स्वतःची सफाई स्वतः करतो. पडद्यावरची त्वचा अत्यंत संथ गतीने बाहेरच्या दिशेने सरकत राहते आणि सुटलेल्या पेशी व मळ सोबत घेऊन येते. दाह सुरू झाला की ही त्वचा जाड होते, तिचे सरकणे मंदावते, ग्रंथी जास्त मळ तयार करू लागतात, नळी अरुंद होते आणि आत ऊब व ओल साठते. कानात मुळात थोड्या संख्येने राहणारी बुरशी आणि जिवाणू अशा वातावरणात झपाट्याने वाढतात. म्हणूनच कानातला संसर्ग हा बहुधा दुय्यम असतो, आणि दाह कशामुळे सुरू झाला हा प्रश्न अनुत्तरित ठेवून केलेला उपचार अर्धाच राहतो.

आधी बाटलीचा हिशेब

मोठ्या कारणांकडे वळण्याआधी, दिलेले औषध खरोखर पोहोचले का, हे पाहणे सोपे असते आणि कित्येकदा दोष तिथेच सापडतो. पहिला प्रश्न मात्रेचा. मध्यम किंवा मोठ्या कुत्र्याच्या कानाला नळीची भिंत नीट माखण्यासाठी साधारण अर्धा ते एक मिलिलिटर औषध लागते. 'तीन-चार थेंब' या सूचनेत ते बसतेच असे नाही. थेंबांचा आकार बाटलीच्या तोंडानुसार बदलतो, कुत्रा हलतो, निम्मे औषध गालावर ओघळते. त्यामुळे डॉक्टरांकडून मात्रा मिलिलिटरमध्ये विचारून घ्यावी आणि सुई नसलेल्या लहान सिरिंजने ती मोजून कानात सोडावी. बाटलीचे तोंड कानाच्या आत न टेकवणे यामुळे आपोआप साधते, हा आणखी एक फायदा.

दुसरा प्रश्न कालावधीचा, आणि माझ्या मते सर्वाधिक घोटाळा इथेच होतो. वास आणि खाज ही लक्षणे औषधाच्या पहिल्या काही दिवसांतच कमी होतात, कारण बहुतेक थेंबांमध्ये अँटिबायोटिक आणि बुरशीनाशकाच्या जोडीला स्टिरॉइडही असते आणि स्टिरॉइड खाज पटकन शमवते. नळीच्या खोल भागातले जंतू त्या वेळी अजून जिवंत असतात. पाचव्या दिवशी बाटली कपाटात गेली की उरलेल्या जंतूंना पुन्हा वाढायला मोकळे रान मिळते, आणि त्यातले जे तगले ते पुढच्या वेळी त्याच औषधाला दाद देतीलच अशी खात्री राहत नाही. उपचार कधी थांबवायचा हे नाकाने ठरवण्याची गोष्ट नाही. साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवायचे, कानातला नमुना पुन्हा तपासायचा आणि त्यात जंतू व पूपेशी दिसेनाशा झाल्यावरच औषध बंद करायचे. बऱ्याच कानांना दोन ते चार आठवडे लागतात, जुनाट कानांना त्याहून अधिक. 'आता बरा आहे, मग कशाला दाखवायचे' असे म्हणून जी भेट टाळली जाते, ती संपूर्ण उपचारातली सर्वांत महत्त्वाची भेट असते.

दवाखान्यातच भरले जाणारे, आठवडे टिकणारे जेलसारखे औषधही मिळते. जो पालक रोज औषध घालू शकत नाही किंवा ज्याचा कुत्रा हात लावू देत नाही, त्याच्यासाठी ते सोयीचे आहे. मात्र ते भरल्यानंतर डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत कान धुवायचा नसतो. स्वच्छतेच्या उत्साहात तिसऱ्याच दिवशी कान धुऊन सगळे औषध बाहेर काढणारे पालक मी पाहिले आहेत.

तिसरा प्रश्न कान धुण्याचा. मळ आणि पू यांचा थर असेल तर औषध त्वचेपर्यंत जात नाही, शिवाय पॉलिमिक्झिन किंवा जेंटामायसिनसारखी काही अँटिबायोटिक पूमध्ये निष्प्रभ होतात. त्यामुळे डॉक्टरांनी निवडून दिलेल्या क्लीनरने आधी कान धुणे आवश्यक असते. पाळी वर धरून नळी काठोकाठ भरेल इतका क्लीनर ओतावा, पाळीच्या बुडाशी बोटांना जी टणक नळी लागते ती अर्धा मिनिट हळूहळू चोळावी, आतून पचपच असा आवाज आला म्हणजे द्रव वळणापलीकडे पोहोचला असे समजावे, मग कुत्र्याला मनसोक्त मान झटकू द्यावी आणि बाहेर आलेला मळ कापसाने किंवा मऊ कापडाने टिपून घ्यावा. कापूस लावलेल्या काड्या आत घालू नयेत. त्या मळ बाहेर काढण्याऐवजी वळणापाशी ठासून बसवतात. धुतल्यावर लगेच औषध घातले तर ते पातळ होते, म्हणून मधे थोडा वेळ जाऊ द्यावा. आणि कान निरोगी झाल्यावर रोज धुण्याचा नेम लावून घेऊ नये, कारण सतत ओली राहिलेली त्वचा सुजट आणि नाजूक होते. तेल, व्हिनेगर, हायड्रोजन पेरॉक्साइड यांचे घरगुती प्रयोग तर चिघळलेल्या कानावर कधीच करू नयेत. जखमी त्वचेला ते झोंबतात, आणि एकदा कान झोंबला की पुढचे कित्येक दिवस तो प्राणी कानाला हात लावू देत नाही.

चौथी गोष्ट अनेकदा लक्षातच येत नाही: औषध सुरू असताना कान आधीपेक्षा जास्त लाल, जास्त ओला आणि जास्त दुखरा होत गेला, तर थेंबांमधल्याच एखाद्या घटकाची प्रतिक्रिया येत असू शकते. निओमायसिन आणि प्रॉपिलीन ग्लायकोल ही त्यातली नेहमीची नावे. अशा वेळी 'अजून चार दिवस घालून पाहू' म्हणू नये, औषध थांबवून डॉक्टरांना कळवावे. मागच्या वर्षीची उरलेली बाटली काढणे किंवा एका प्राण्याचे औषध दुसऱ्याला घालणे यांबद्दल वेगळे काही लिहायला नको.

काचपट्टीवर काय दिसते

बाटलीचा हिशेब बरोबर असूनही कान पुन्हा फुटत असेल, तर पुढचा प्रश्न डॉक्टरांना विचारायचा आहे: कानातल्या मळाची काचपट्टी तपासली का? कापसाच्या काडीने घेतलेला मळ काचेवर पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला काही मिनिटे पुरतात, आणि त्या काही मिनिटांत मिळते ती माहिती नुसत्या डोळ्यांनी किंवा वासावरून मिळत नाही. तपकिरी, चिकट आणि उग्र वासाचा मळ बुरशीचा असतो, असा सर्वसाधारण समज आहे आणि तो पुष्कळदा खराही ठरतो. पण त्याच मळात जिवाणूही असू शकतात. मॅलॅसेझिया ही बुरशी पट्टीवर भुईमुगाच्या शेंगेसारखी, मध्ये किंचित आवळलेली दिसते. गोल जिवाणू बहुधा स्टॅफिलोकोकस गटातले असतात. काडीसारखे लांबट जिवाणू दिसले तर मात्र प्रकरण गंभीर समजावे, कारण त्यांत स्यूडोमोनास असण्याची शक्यता असते.

स्यूडोमोनासचा कान अनुभवी माणूस दुरूनही ओळखतो. पाणथळ, पिवळट-हिरवट पू, आत जखमा आणि असह्य वेदना. खेळकर कुत्रासुद्धा चावायला येतो. हा जिवाणू अनेक अँटिबायोटिकना मुळातच दाद देत नाही आणि स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करून औषधापासून लपतो. लांबट जिवाणू दिसले किंवा योग्य उपचार करूनही पट्टी स्वच्छ होत नसेल, तर कल्चर करून, म्हणजे प्रयोगशाळेत ते जिवाणू वाढवून, कोणते औषध चालेल हे पाहावे लागते. यात एक मेख आहे: प्रयोगशाळेचा अहवाल रक्तातून पोहोचणाऱ्या औषधाच्या मात्रेवर आधारलेला असतो, तर थेट कानात घातलेल्या औषधाची तीव्रता त्याच्या कित्येक पट असते. त्यामुळे अहवालात 'प्रतिरोधक' असे छापून आले म्हणजे ते औषध कानात निरुपयोगीच ठरेल असे नाही. अशा कानांत औषधाच्या आधी ट्रिस-ईडीटीए असलेल्या द्रावणाने नळी धुतात. ते जिवाणूचे बाह्य कवच कमकुवत करते आणि मागून येणाऱ्या अँटिबायोटिकला वाट मोकळी करून देते.

मूळ कारण : बहुधा त्वचेचे

आता मुख्य मुद्दा. कुत्र्याचा कान पुन्हा पुन्हा बिघडण्यामागे सर्वांत जास्त वेळा ॲलर्जी असते. कानाची नळी ही शेवटी त्वचेचीच आत वळलेली घडी आहे, त्यामुळे अंगाची त्वचा ज्या कारणाने खाजते त्याच कारणाने कानही खाजतो. आणि काही कुत्र्यांमध्ये बाकी अंग ठीक असून केवळ कानच तक्रार करतो. लोंबते कान, नळीतले दाट केस, पोहण्याची आवड, जन्मजात अरुंद नळी या सगळ्या गोष्टी त्रास वाढवतात, पण त्या एकट्याने तो सहसा सुरू करत नाहीत. लोंबत्या कानांचे असंख्य कुत्रे आयुष्यभर कानाची तक्रार न करता जगतात. 'त्याचे कानच तसे आहेत' हे उत्तर म्हणूनच मला पटत नाही. त्यामुळे शोध तिथेच थांबतो.

घरी पाहण्यासारख्या खुणा अशा: कुत्रा पंजे चाटतो का, बोटांमधले केस तांबूस झाले आहेत का, काखा आणि पोट लाल दिसतात का, जमिनीवर तोंड घासतो का, गुद्द्वाराजवळची त्वचा खाजते का. त्रास ठरावीक ऋतूत वाढत असेल तर परागकणांसारख्या वातावरणातल्या घटकांकडे बोट जाते, आणि असा त्रास बहुधा सहा महिने ते तीन वर्षे या वयात पहिल्यांदा दिसतो. बारा महिने सारखाच त्रास, जोडीला वरचेवर बिघडणारे पोट, किंवा अगदी लहान वयात अथवा उतारवयात अचानक झालेली सुरुवात, असे असेल तर अन्नाचा विचार आधी करावा लागतो. त्याही आधी पिसवांचा बंदोबस्त झालेला असावा, नाहीतर कोणताच निष्कर्ष भरवशाचा राहत नाही.

अन्नाची ॲलर्जी ओळखण्याचा विश्वासार्ह मार्ग आजही एकच आहे. प्राण्याने पूर्वी कधीही न खाल्लेले प्रथिन असलेला किंवा प्रथिनांचे बारीक तुकडे केलेला हायड्रोलाइज्ड आहार किमान ८ आठवडे द्यायचा, त्या काळात दुसरे काहीही तोंडात जाऊ द्यायचे नाही, आणि सुधारणा झाली तर जुना आहार पुन्हा देऊन त्रास परततो का हे पाहायचे. ८ आठवडे हा आकडा मनाने ठरवलेला नाही. अन्नाची ॲलर्जी असलेल्या दहांपैकी नऊहून अधिक कुत्र्यांमध्ये तेवढ्या काळात सुधारणा दिसून येते, तर तीन-चार आठवड्यांत थांबल्यास अनेक जण निसटतात. रक्ताच्या किंवा लाळेच्या तपासणीवरून अन्नाची ॲलर्जी ठरवता येत नाही, मग अहवाल कितीही रंगीत आणि सविस्तर असो.

ही चाचणी फसते ती बहुधा घरातल्या एखाद्याच माणसामुळे. एक जण काटेकोर असतो आणि दुसरा टेबलाखालून तुकडा सरकवतो. चव लावलेल्या जंताच्या गोळ्या, चघळण्याच्या कांड्या, दातांची चवदार पेस्ट, घरातल्या मांजराचे ताट हेही सगळे 'अन्न'च आहे. चाचणी सुरू करण्यापूर्वी घरातल्या सर्वांना, पाहुण्यांना आणि कुत्र्याला फिरायला नेणाऱ्यालाही हे सांगून ठेवावे. तसेच चाचणीच्या आधी आणि दरम्यान कानातला चालू संसर्ग बरा करून घ्यावा लागतो. अन्यथा आहार योग्य असूनही कान वाहतच राहतो आणि आहाराचा काही उपयोग नाही असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

आहार बदलूनही फरक पडला नाही तर वातावरणातल्या घटकांची ॲलर्जी हे निदान उरते. ती मुळापासून जात नाही, आटोक्यात ठेवावी लागते. ओक्लासिटिनिब, सायक्लोस्पोरिन, लोकिव्हेटमॅबची इंजेक्शने, ॲलर्जीची लसमात्रा असे पर्याय आहेत आणि प्रत्येकाची मर्यादा वेगळी आहे. उदाहरणार्थ ओक्लासिटिनिब एक वर्षाखालच्या कुत्र्याला देत नाहीत आणि लोकिव्हेटमॅब हे कुत्र्यांसाठीच आहे, मांजरांसाठी नाही.

ॲलर्जीखेरीज इतर कारणे संख्येने कमी, पण विसरण्यासारखी नाहीत. मध्यमवयीन कुत्र्याचे वजन वाढत असेल, तो सुस्त झाला असेल, केस विरळ होत असतील आणि कान पहिल्यांदाच या वयात बिघडू लागला असेल, तर थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. कालपर्यंत ठणठणीत असलेल्या कुत्र्याने गवतातून फिरून आल्यावर अचानक एकाच बाजूला मान कलती करून वेड्यासारखे झटकायला सुरुवात केली, तर कानात कुसळ गेले असण्याची दाट शक्यता असते. ते दवाखान्यात चिमट्याने काढेपर्यंत कोणतेही थेंब उपयोगाचे नाहीत.

मांजराचे वेगळे

मांजराच्या कानाला कुत्र्याचे ठोकताळे जसेच्या तसे लावू नयेत. लहान पिल्लांच्या दोन्ही कानांत कॉफीच्या चोथ्यासारखा कोरडा, काळपट मळ दिसला तर ओटोडेक्टिस नावाचे कानातले माइट्स (सूक्ष्म परजीवी) हे पहिले कारण धरावे. त्यांचे जीवनचक्र साधारण तीन आठवड्यांचे असते, म्हणून आठवडाभर औषध घालून थांबले की राहिलेल्या अंड्यांतून नवी पिढी बाहेर येते. शिवाय ते एका प्राण्यावरून दुसऱ्यावर सहज जातात. घरातल्या ज्या एका प्राण्यावर काहीच लक्षण नाही म्हणून उपचार केले नाहीत, तोच पुढचा साठा ठरतो. सेलामेक्टिन किंवा मॉक्सिडेक्टिनसारखी मानेवर सोडण्याची औषधे घरातल्या सर्व कुत्र्यामांजरांना एकाच वेळी दिली की ही साखळी तुटते. येथे एक धोक्याची सूचना: कुत्र्यांसाठीच्या काही स्पॉट-ऑन औषधांत पर्मेथ्रिन असते आणि ते मांजराला जीवघेणे ठरते. कुत्र्याच्या औषधाची नळी मांजरावर कधीही रिकामी करू नये.

प्रौढ मांजराचा मात्र एकच कान वारंवार वाहत असेल, तर थेंबांचे प्रयोग लांबवू नयेत. तरुण मांजरात मध्यकर्णातून (पडद्यामागच्या पोकळीतून) वाढत आलेला पॉलिप, म्हणजे मांसल वाढ, आणि वयस्कर मांजरात नळीतली गाठ ही दोन्ही कारणे अशाच एकतर्फी कानामागे लपतात, आणि वळणाच्या पलीकडे नीट पाहायचे तर बहुधा मांजराला भूल द्यावी लागते. पॉलिप असताना श्वासाला घरघर येणे, गिळताना त्रास होणे अशीही लक्षणे दिसू शकतात, ज्यांचा कानाशी संबंध असेल असे घरच्यांना वाटत नाही.

आतला कान

मूळ कारण सापडले, औषध योग्य आहे, पालक मन लावून घालतो आहे, तरीही कान सुकत नाही, अशी काही प्रकरणे उरतातच. अशा वेळी पडद्यामागच्या मध्यकर्णाचा संशय घ्यावा. दीर्घकाळ कान वाहणाऱ्या कुत्र्यांपैकी निम्म्याहून अधिक कुत्र्यांच्या मध्यकर्णात संसर्ग पोहोचलेला आढळतो आणि पडदा वरून शाबूत दिसत असतानाही आत पू असू शकतो. बाहेरच्या नळीतले थेंब तिथे पोहोचत नाहीत, आणि आतला पू झिरपून बाहेरची नळी पुन्हा पुन्हा बिघडवत राहतो. त्यासाठी भूल देऊन खोलवर कान धुणे, मध्यकर्णातला नमुना घेणे आणि शक्य असल्यास सीटी स्कॅन करणे हा मार्ग असतो. भुलेचे नाव काढताच पालक मागे हटतात, हे मला समजते. परंतु दुखऱ्या, सुजलेल्या कानात जागेपणी फारसे काही दिसत नाही, काही करताही येत नाही, आणि त्या झटापटीत प्राण्याचा विश्वास मात्र कायमचा जातो.

नळी इतकी सुजलेली असेल की आत पाहताच येत नाही, तर कित्येकदा काही दिवस तोंडावाटे स्टिरॉइड देऊन सूज उतरवतात आणि मग तपासणी करतात. हे करणे महत्त्वाचे आहे, कारण सूज वर्षानुवर्षे राहिली तर नळीभोवतीच्या कूर्चेत कॅल्शियम साठते, ती हाडासारखी कडक होते आणि नळी कायमची मिटत जाते. मग औषधांना वाटच उरत नाही. पाळीच्या बुडाशी दाबल्यावर जी नळी रबरासारखी लवचिक लागायला हवी ती दगडासारखी लागली, तर ही वेळ जवळ आली असे समजावे. या टप्प्यावर संपूर्ण नळी काढून टाकण्याची शस्त्रक्रिया हा पर्याय राहतो. तिच्यात चेहऱ्याच्या मज्जातंतूला इजा होण्याचा धोका असतो आणि त्या बाजूची ऐकण्याची क्षमता बरीचशी जाते, तरीही वर्षानुवर्षांच्या वेदनेतून सुटलेला कुत्रा काही आठवड्यांत पुन्हा खेळू लागतो.

पडदा फाटलेला असण्याचा संशय असेल तर थेंबांची निवड फार जपून करावी लागते, कारण जेंटामायसिन, क्लोरहेक्सिडिन यांसारखी काही द्रव्ये आतल्या कानात गेल्यास बहिरेपणा येऊ शकतो किंवा तोल जाऊ शकतो. न तपासता दुकानातून थेंब आणू नयेत, असे आम्ही सांगतो त्याचे हे खरे कारण आहे. डोके सतत एका बाजूला कलणे, गोल गोल फिरणे, बुबुळे आपोआप हलत राहणे, चेहऱ्याची एक बाजू ओघळणे, जबडा उघडताना किंचाळणे यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मान झटकून झटकून पाळीत रक्त साकळते आणि ती उशीसारखी फुगते, तेव्हाही थांबू नये. आणि त्या फुगवट्याबरोबर कानाच्या नळीतल्या त्रासाचाही उपचार व्हायला हवा, नाहीतर पाळी पुन्हा भरते.

कान सुकल्यानंतर

ॲलर्जी असलेल्या कुत्र्याचा कान एकदा सुकला की खरे काम सुरू होते. कारण टिकून असल्यामुळे दाह पुन्हा डोके वर काढणारच असतो. तो लहान असतानाच दाबला तर संसर्गापर्यंत गोष्ट जात नाही. त्यासाठी काही कुत्र्यांना ठरावीक दिवसांनी क्लीनर आणि आठवड्यातून एक-दोनदा केवळ सौम्य स्टिरॉइडचे थेंब, अँटिबायोटिकशिवाय, असा क्रम डॉक्टर लावून देतात. पोहणाऱ्या कुत्र्याच्या कानात पाण्यातून बाहेर आल्यावर कान कोरडा करणारा क्लीनर घालावा. नळीतले केस दर महिन्याला उपटण्याची सवय मात्र निरोगी कानाला लावू नये. उपटल्याने त्वचेला इजा होते आणि त्यातूनच दाह सुरू होऊ शकतो.

एका वहीत तारीख, कोणता कान, मळाचा रंग, चालू आहार, पंजे चाटणे कमी की जास्त आणि कोणते औषध किती दिवस घातले, एवढे लिहून ठेवावे. दवाखान्यात येताना ती वही आणि आधीच्या सर्व बाटल्या, रिकाम्या असल्या तरी, सोबत आणाव्यात. शक्य असल्यास येण्यापूर्वी कान धुऊ नये. तो घाणेरडा दिसतो म्हणून पालक लाजेने धुऊन आणतात आणि काचपट्टीसाठी मग काहीच हाती लागत नाही.

त्या लॅब्रॅडॉरची काचपट्टी अखेर पाहिली तेव्हा ती बुरशीने भरलेली होती. औषध चार आठवडे चालले, दोनदा पट्टी तपासली, आणि कान स्वच्छ झाल्यावर आहाराची चाचणी सुरू झाली. पाचव्या आठवड्यात घरातल्या आजोबांनी एकदा मोह न आवरल्याचे प्रामाणिकपणे कबूल केले, म्हणून आम्ही मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून धरली. ८ आठवडे पूर्ण झाले तेव्हा पंजांवर नवे केस आपल्या मूळ रंगात उगवत होते. जुना आहार परत दिल्यावर सहाव्या दिवशी तो पुन्हा पंजे चाटू लागला आणि नवव्या दिवशी उजवा कान लाल झाला. आहार लगेच बदलला, कानात थेंब घालण्याची वेळ आली नाही.